टेंबेकाकांचे डिब्बे

टेंबेकाका गिटारच्या पेडलवर पाय ठेवण्याआधी त्याला वाकून नमस्कार करतात.

पेडल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही फक्त सायकलचंच पेडल माहीत होतं. विजेवर वाजणाऱ्या गिटारची वायर सरळ स्पीकरला जात नाही, वाटेत एका डबीतून जाते. वाजवणाऱ्याने डबीवरचं बटण पायाने दाबलं की आत शिरलेला साधा सूर बाहेर पडताना गुरगुरतो, घुमतो नाहीतर विव्हळतो. जगभर या डब्या कारखान्यात तयार होतात. बनारसमध्ये त्या आमच्या खालच्या मजल्यावर तयार होतात.

मी बँकेत आहे. सांगलीहून बदली होऊन इथे आले आणि टेंबेकाकांच्या वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू झाले. काका सत्तरीचे, एका कॉलेजच्या वीज विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्याने सहा पिढ्या घाटावर पौरोहित्य केलं, महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना संकल्प सांगितले. सातव्या पिढीच्या हाती दर्भाऐवजी सोल्डरिंग आयर्न आलं. घराण्याची शिस्त मात्र कायम आहे. सकाळी स्नान, संध्या, मग पंच्यावर बसून सर्किट.

आता डबीचं बोलते, कारण काकांच्या मते पेडलमध्ये बोलण्यासारखं तेवढंच असतं. भिंतीत स्विचबोर्डाच्या मागे पत्र्याचा चौकोनी डबा गाडतात, तो आपण एकदाच पाहतो, गिलावा होण्यापूर्वी. काकांची सगळी पेडलं त्या डब्यांत असतात. त्यासाठी ते लोहटियातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि नारळ निवडावेत तसा एकेक डबा बोटाने वाजवून पाहतात. मी एकदा सोबत होते. दुकानदाराने अत्यंत आदराने विचारलं, "चाचा, दस साल से डिब्बा ले जा रहे हैं. मकान कितने तल्ले का बन रहा है?"

"अभी नींव चल रही है," काका म्हणाले आणि पुढचा डबा वाजवला.

त्यांच्या मराठीतही तो डबा नसून डिब्बाच आहे. "बाई, आतलं सामान कोणीही भरेल. डिब्बा बघा! असली लोहा. बाहेरचा एक कचरा आत येणार नाही. फक्त अर्थिंग बरोबर पाहिजे." अर्थिंग हा काकांचा वेदांत आहे. नळाला पाणी नाही, कारण महापालिकेची अर्थिंग बिघडलेली. शेजारच्या घरातलं लग्न मोडलं, कारण दोन्हीकडून करंट होता, अर्थिंग कुणाचीच नव्हती. मी रजेचा अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, तेव्हा काकांनी माझ्या मॅनेजरचं निदान न बघताच करून टाकलं.

प्रत्येक डिब्ब्याला घाटाचं नाव, तेही पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत. 'दशाश्वमेध'मधून एक सूर घातला की दहा बाहेर येतात, आणि कुणाचं कुणाला कळत नाही. 'मणिकर्णिका'त सूर जातो तो परत येत नाही, राख येते. हे वर्णन माझं नाही, काकांचंच आहे, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान असतो.

पण नाव घाटाचं आणि वर पाय ठेवायचा! यावर काकांनी फार विचार केला. पहिला डिब्बा त्यांनी हाताने दाबायचा केला. गिटार वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, ही बारीकशी अडचण नंतर लक्षात आली. मग तडजोड म्हणून पाय लावण्याआधी नमस्कार ठरला. दसऱ्याला डिब्ब्यांची पूजाही होते. एका दसऱ्याला अक्षतेचा दाणा बटणाच्या फटीत गेला आणि 'दशाश्वमेध' दिवाळीपर्यंत बंद होईना.

इतकं सगळं करणाऱ्या काकांना गिटार वाजवता येते का? अजिबात नाही. घरातली जुनी गिटार मांडीवर आडवी घेऊन ते तिची सर्वांत जाड तार अंगठ्याने ओढतात. ढुम्म. मग डिब्ब्याचा कान, म्हणजे वरची गोल फिरकी, पिळतात. ढुम्म. माझ्या बँकेला सुट्टी असते त्या दिवशी सकाळी नऊपासून ढुम्म. घाटांची नावं कितीही असोत, गेल्या वर्षभरात बनलेल्या प्रत्येक डिब्ब्याचा आवाज शेवटी एकच होऊ लागला होता, कढी उतू जाण्याआधी गुडगुडते तसा. मी तसं सांगितलंही. काका म्हणाले, "गुडगुडते ना? मग ठीक आहे."

या सगळ्यात तक्रार न करणारी गल्लीतली एकमेव व्यक्ती म्हणजे काकू. त्या शाळेत गाणं शिकवायच्या. ताठ कणा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चेहरा असा की समोरच्याने आपला सूर तपासून घ्यावा. मी रोज जिन्यावरून उतरताना "काकू, येते हं" म्हणायची आणि त्या तुळशीला पाणी घालत पाठमोऱ्या उभ्या असायच्या. उत्तर नाही. मी आईला फोनवर सांगितलं, "सहा पिढ्यांची काशी आहे, भाडेकरूशी कशाला बोलतील?" मंडळाच्या कार्यक्रमातही त्या इतर बायकांत बसायच्या नाहीत. सभागृहात एक मोठी लाकडी चौकी, आपल्याकडच्या दिवाणासारखी, आहे, तिच्या एका टोकावर स्पीकर ठेवतात. आवाजाने छाती धडधडते म्हणून तिथे कुणी फिरकत नाही. काकू बरोबर तिच्या दुसऱ्या टोकावर, एकट्या, सिंहासनावर बसाव्या तशा.

त्यांची मुलगी केतकी प्रयागराजला कॉलेजात शिकवते. गाणं आईकडून शिकली आणि मग गिटारकडे वळली. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ती दरवर्षी वाजवते. गेल्या वर्षीपर्यंत बापाच्या डिब्ब्यातून वाजवायची. गेल्या वर्षी काय झालं, तर काकांना आयुष्यात प्रथमच मोह झाला आणि त्यांनी प्लास्टिकचा डबा वापरला. दिसायला छान, वजनाला हलका. केतकीने डोळे मिटून हळुवार आलापी सुरू केली आणि स्पीकरमधून एक धीरगंभीर पुरुष म्हणाला, "किसान भाई ध्यान दें, आलू में झुलसा रोग के लक्षण दिखते ही दवा का छिड़काव करें." प्लास्टिकने बाहेरचं रेडिओ स्टेशन पकडलं होतं. बटाट्याच्या रोगाची संपूर्ण माहिती मिळेपर्यंत सभागृह हसत होतं. केतकी गिटार ठेवून निघून गेली. जाताना बापाला म्हणाली, "बाबा, आता बस. पुन्हा तुमचा डिब्बा नाही."

मंडळाची सेक्रेटरी मीच. मीटिंगला उशिरा पोहोचले, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली होती. मी लगेच ठराव लिहिला: कार्यक्रमात घरी बनवलेली विजेची उपकरणं लावू नयेत. आयुष्यात इतकं सुवाच्य अक्षर मी पुन्हा काढलेलं नाही.

त्या दिवसापासून काकांनी माझा पिच्छा पुरवला. दर महिन्याला नवा डिब्बा घेऊन वर यायचे.

"सेक्रेटरीबाई, एक बार ऐका तरी. असली लोहा आहे."

"काका, ठराव झालाय."

"फक्त एक संध्याकाळ. केतकीला मी मनवतो. तुम्ही ठराव तेवढा मागे घ्या."

"केतकीने चांगलं विकतचं पेडल घेतलंय. काचेसारखा स्वच्छ आवाज आहे त्याचा. तुम्हाला मुलीचं चांगलं झालेलं बघवत नाही का?"

हे मी बोलले. काका डिब्बा पंच्यात गुंडाळून जिना उतरून गेले.

यंदा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंडळाचा एक्स्टेन्शन बोर्ड आणायला मी खाली गेले. तो दुरुस्तीला काकांकडे होता. दार उघडंच होतं. आत काकू पाटावर बसल्या नव्हत्या, उभ्या होत्या, अनवाणी, डोळे मिटून. पाटाखाली एक स्पीकर. काका जमिनीवर बसून जाड तार ओढत होते. ढुम्म. काकूंनी मान हलवली, नाही. काकांनी डिब्ब्याचा कान थोडा पिळला. ढुम्म. पुन्हा नाही. मी "काकू" म्हणाले, दोन पावलांवरून, चांगल्या मोठ्या आवाजात. त्या वळल्या नाहीत. तिसऱ्यांदा ढुम्म झालं आणि त्यांच्या पायाचा अंगठा हलला.

"हं," काकू म्हणाल्या. "आता आला."

काका मला बघून बाहेर ओट्यावर आले. दार ओढून घेतलं.

"बारीक आवाज चार वर्षांपूर्वी गेले," ते म्हणाले. "आता माणसांचं बोलणंही गेलं. ओठ बघते आणि चालवून घेते. मशीन आणलं, पण लावत नाही. म्हणते, गाणं शिकवणाऱ्या बाईच्या कानात मशीन? जाडा आवाज तेवढा पायातून येतो तिला."

"केतकीला माहीत नाही?"

"शपथ घातली आहे मला. पोर आईला ऐकवायलाच तर वाजवते. तिला कळलं तर गिटार खुंटीला टांगेल. गेल्या वर्षी प्लास्टिक घेतलं, ते हलका डिब्बा पोरीला आवडेल म्हणून. माझीच गलती."

"मग फक्त काकूंसाठी वेगळी वायर, वेगळा स्पीकर..."

"म्हणजे सगळ्यांना दिसणार, सगळे विचारणार. नको बाई. चौकी आहे, तेवढी पुरते."

मला माझी भयंकर लाज वाटली. आईला केलेला तो फोन आठवला, आणि तुळशीपाशी रोज पाठीला मारलेली ती हाक.

संध्याकाळी मी केतकीच्या हातात डिब्बा ठेवला. "हा लावायचा."

"ताई, तुम्हीच तर ठराव..."

"ठराव मी लिहिला, मीच रद्द केला. सेक्रेटरी आहे मी."

"बाबांनी पटवलं ना तुम्हाला? अहो, यातून सगळं गुडगुड ऐकू येतं! लोक हसतील."

"हसू देत. माझ्यासाठी लाव."

ती माझ्यावर जी चिडली, ती अजून पूर्ण निवळलेली नाही. पण बाप सोडून मोठ्यांना नाही म्हणायची सवय नसलेली पोर आहे. दातओठ खात तिने वायर जोडली, आणि सवयीने वाकून डिब्ब्याला नमस्कार करून मगच त्यावर पाय ठेवला.

आवाज भयानक होता, यात शंका नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानात कापूस घातला. मागे कुणीतरी म्हणालं, "यापेक्षा बटाटे बरे होते." पाठोपाठ तीन तक्रारी माझ्याकडे आल्या आणि मी तिन्ही गंभीरपणे वहीत उतरवून घेतल्या.

मी चौकीकडे बघत होते. काकूंनी चपला काढल्या होत्या. पाय वर घेऊन, तळवे लाकडावर सपाट टेकून त्या बसल्या होत्या. आजवर त्या टाळ्या वाजवायच्या त्या इतरांचे हात बघून, क्षणभर उशिरा. आज त्यांचा अंगठा केतकीच्या बरोबरीने पडत होता. कोपऱ्यात काका उभे होते आणि स्टेजकडे एकदाही बघत नव्हते. त्यांची नजर त्या अंगठ्यावर होती.

कार्यक्रम संपला. केतकी डिब्बा हातात घेऊन तणतणत आमच्याकडे आली. बापाला काहीतरी ऐकवायच्या बेतात होती. तेवढ्यात काकू चौकीवरून उतरल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दुसऱ्या गाण्यात पळालीस," त्या म्हणाल्या. "अंतऱ्यापासून लय सुटली तुझी. दहा वेळा सांगितलंय, घाई करू नकोस."

केतकी बघतच राहिली. "चार वर्षांत पहिल्यांदा चूक काढलीस आई. मला वाटलं होतं, तू आता लक्षच देत नाहीस."

काकूंनी तिच्या ओठांकडे बघितलं, मग तिच्या गालावर एक हलकी चापट मारली. मी काकांकडे वळले. म्हटलं, आता अर्थिंगबद्दल काहीतरी येणार. पण काका कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते आणि पंच्याने डोळे पुसत होते.