मंडळी यायचीय अजून

शांतवनमामांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि हातात घंटेचा दोर. या दोघांचं कधी पटलं नाही.

मामा सातपूरच्या कारखान्यात फिटर. तिथं भोंग्याआधी पाच मिनिटं फाटकात हजर. पण शरणपुरातल्या आमच्या छोट्या देवळात रविवारच्या उपासनेची नऊची घंटा ते वाजवायचे सव्वानऊला. कुणी हटकलं, तर दोर छातीशी धरून म्हणायचे, "मंडळी यायचीय अजून."

आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद. तेव्हा या माणसाला शेवटचं मेंढरूही आत हवं, असा आमचा समज. मी पेटी वाजवायचो. पंधरा मिनिटं एकच चाल घोळवून बोटं दुखायची, म्हणून मी त्यांना 'शरणपूर टाइम' असं नाव ठेवलं. लोकांनी ते उचललं. मी फार खूश होतो.

आणीबाणीत गाड्यासुद्धा वेळेवर धावू लागल्या, मामांची घंटा नाही. त्याच सुमारास नवे पाळकसाहेब आले, तरुण आणि कडक. त्यांनी बजावलं, पुढच्या रविवारी नऊला घंटा झाली नाही, तर दोर दुसऱ्याच्या हाती जाईल.

रविवारी नऊ वाजले, बाकं भरली, घंटा गप्प. पाळकसाहेब झगा सावरत बाहेर गेले. मजा बघायला मीही पेटी सोडून मागोमाग.

"शांतवनराव, मंडळी तर सगळी आत बसलीय."

"ती बसली, साहेब," मामा खाली बघत म्हणाले. "आमची यायचीय."

दूर रस्त्यावर सुशीलामामी काठी टेकत येत होत्या. मग मामांनीच चाचरत सांगितलं. गुडघे गेलेत, पण सायकलवर बसत नाही. मी काय कांद्याचं पोतं आहे, म्हणते. पाळकाची लेक, घंटेनंतर देवळात शिरायची लाज वाटते. घंटा ऐकली की असेल तिथून माघारी फिरते, आणि मग आठवडाभर उंबरा ओलांडत नाही.

पाळकसाहेब आत जाऊन चष्मा शोधू लागले. तो नाकावरच होता.

त्यानंतर दर रविवारी नऊला त्यांचा चष्मा हरवू लागला. माझ्या पेटीचा भाता अडकू लागला. गीतांची पुस्तकं वाटणाऱ्या बाई वाटलेली पुस्तकं गोळा करून पुन्हा वाटू लागल्या. 'शरणपूर टाइम' हे नाव मी परत तोंडातून काढलं नाही. आपण वेळेवर पोचतो, असं मामींना शेवटपर्यंत वाटत राहिलं.

पाच-सहा वर्षांनी मामी गेल्या. दफनानंतरच्या रविवारी नऊला मामांनी घड्याळ पाहिलं आणि दोर ताणला. पाळकसाहेब जवळजवळ धावतच बाहेर गेले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा, शांतवनराव. माझा चष्मा सापडेना."

मामांनी त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्ता रिकामा होता.

"शोधा, साहेब," ते म्हणाले. "सावकाश शोधा."

मी भात्याला हात लावला नाही. बाईंनी वाटलेली पुस्तकं गोळा करायला घेतली.