सोहोनींचा कैलास

सोहोनी इतकी वर्षं आयर्लंडमध्ये आहेत, पण एकाही डोंगराच्या माथ्यावर गेलेले नाहीत. आम्ही लिमरिकची मराठी मंडळी चढाईला निघालो, की हे गृहस्थ थर्मास घेऊन पायथ्याशीच थांबणार. "डोकं असतं ते! डोक्यावर पाय देतात का?" असं बजावायचं, आणि आम्ही वर धापा टाकत असताना डोंगराला उजवं घालून फिरायचं.

हे सगळं कैलासापायी. आम्ही दोघं एकाच कारखान्यात इंजिनिअर. कॉफीच्या मशीनपाशी कोणी सापडलं की यांचं सुरू. "चार धर्मांचे लोक त्याला मानतात, आसपास चार मोठ्या नद्या उगम पावतात, तरी वर कोणी चढत नाही. मान वर करून बघायचं आणि भोवती फिरायचं. याला म्हणतात मॅनर्स!"

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात ते मिरजेच्या आपल्या आईंना घेऊन कैलासयात्रेला जाणार होते. करोना आला, यात्रा बंद, विमानं बंद. त्यातच आईंच्या हृदयाची तक्रार निघाली आणि डॉक्टरांनी उंचावर जायला कायमची मनाई केली. मला वाटलं, आता तरी कॉफी सुखाने पिता येईल. कसलं काय! सोहोनींनी आमच्या वसाहतीतून दिसणारी मेंढ्यांची टेकडीच कैलास म्हणून जाहीर केली. दर रविवारी फोन छातीवरच्या खिशात, कॅमेरा बाहेर, व्हिडिओ कॉलवर आई, आणि हे प्रदक्षिणेला.

पंचाईत एकच होती. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरपर्यंतच फिरायची परवानगी होती; ती हद्द टेकडीपलीकडच्या ओढ्यापाशी संपायची, आणि तिथल्या पुलावर गार्डा, म्हणजे इथला पोलीस, उभा असायचा. सोहोनी डगमगले नाहीत. "शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. पन्हळ ओलांडायची नाही, मागे फिरायचं. इथल्या सरकारला शास्त्र कळतं!" हे त्यांनी गार्डालाही समजावलं. तो "ग्रँड, ग्रँड" म्हणाला, आणि तेव्हापासून हे दिसले की स्वतःच वळायची खूण करू लागला.

जानेवारीत एका सकाळी टेकडी पांढरीशुभ्र झाली. इथला बर्फ दुपारपर्यंत टिकला तरी नशीब. सोहोनी माझं दार बडवत होते. "चला! आज आईला खरा कैलास दाखवायचा. मी घसरलो तर धरायला कोणीतरी हवं."

"तुम्हाला?"

"छे, फोनला!"

ओढ्यापाशी पोहोचलो आणि ढग सरले. माथा उन्हात झळकला. सोहोनींनी फोन खिशातून काढून उंच धरला. "आई, दिसला का गं?"

मी स्क्रीनमध्ये डोकावले. आईंनी हात जोडले होते.

"दिसला हो. छान आहे," त्या म्हणाल्या. "आता फोन जरा वळव. इतके रविवार नुसता डोंगरच बघतेय. तू कुठे दिसतोस?"

सोहोनींनी फोन स्वतःकडे वळवला. डोळे वाहत होते. थंडीने म्हणावं, तर थंडी सकाळपासूनच होती.

"वाळलास रे. टोपी कुठाय?"

"आहे की. खिशात."

"डोक्यावर घाल आधी. डोकं असतं ते!"

परतताना सोहोनींनी फोन सगळी वाट तोंडासमोर धरला होता. कैलास आईंना पुन्हा दिसलाच नाही. सोहोनी दोनदा घसरले, तरी फोन काही माझ्याकडे दिला नाही.