पखालीचा सोमवार

एका जंगलात तहान फक्त राजालाच लागायची. बाकीच्यांच्या घशाला नुसती कोरड पडायची.

राजा म्हणजे अर्थातच सिंह. त्याची गुहा टेकडीच्या माथ्यावर आणि नदी पायथ्याशी. असं का, म्हणून विचारू नका, बाळांनो. राजानं पाण्याकडे जायचं नसतं, पाण्यानं राजाकडे यायचं असतं. ते आणण्याचं काम भिवा रेड्याकडे होतं. त्याच्या पाठीवर पखाल असे. पखाल म्हणजे पाणी वाहायची कातड्याची भली मोठी पिशवी. ही पखाल भिवाच्या आज्याच्या कातड्याची होती. आज्यानंही जन्मभर पाणीच वाहिलं होतं. घराणंच इमानी!

जंगलात एक जुनी रीत होती. सोमवारी रेड्याच्या पाठीवर ओझं टाकायचं नाही. रविवारी भिवा चार खेपा जादा करून गुहेतले रांजण भरून ठेवी आणि सोमवारी उजाडताच डोहात शिरे. नाकपुड्या तेवढ्या वर. शेजारी त्याची म्हैस सगुणा. दोघं फारसं बोलत नसत. डोळे मिटून रवंथ करत. मंगळवारी मग भिवा टेकडी अशी चढे, की पोरसवदा रेड्यांनी तोंडात खूर घालावा.

पुढे कोल्हा प्रधान झाला. कोल्ह्यानं जन्मात कधी काही उचललं नव्हतं, त्यामुळे ओझ्याचा त्याचा अभ्यास दांडगा होता.

“महाराज, आपल्याला सोमवारी तहान लागते ना?”

“लागते की.”

“आणि त्याच दिवशी हा रेडा चिखलात बसून तोंड हलवतो. कालचा चारा आज पुन्हा चघळतो!”

रवंथ म्हणजे काय, हे सिंहाला ठाऊक नव्हतं. त्याला तो प्रकार भलताच किळसवाणा वाटला. सोमवार बंद झाला.

“अहो, तुम्ही काहीच बोलला नाहीत?” सगुणानं विचारलं.

“काय बोलू? हुकमात माझं नाव आहे. आपल्या घराण्यात आजवर कुणाचं नाव महाराजांच्या तोंडी आलं होतं का?”

भिवा असाच होता. पाठ रुंद आणि अक्कल अरुंद.

पावसाळा गेला, थंडी गेली. भिवाची पाठ सोलवटली. तो चालता चालता पेंगू लागला. चैत्रातल्या एका सोमवारी चढावर त्याचे गुडघे मोडले आणि तो पखालीसकट आपटला. पखाल टरकन फाटली. पाणी आल्या वाटेनं नदीला गेलं, आणि त्या दिवशी महाराजांची आंघोळ राहिली.

आंघोळ राहिली, तेव्हा कुठे चौकशी लागली.

दरबारात भिवा जन्मात पहिल्यांदा बोलला. “महाराज, माझा सोमवार मला परत द्या. एक दिवस डोहात पडू द्या, बाकीचे सहा दिवस मी राबतो. नाहीतर असाच एक दिवस चढावर मरेन.”

कोल्हा पुढे आला. भिवाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पखाल हुंगली, उलटी केली, फाटकी कड सगळ्यांना दाखवली.

“महाराज, भिवा म्हणतो ते अगदी खरं आहे. विश्रांतीवाचून शरीर झिजतं. हे कातडं बघा. वर्षात एक दिवस सुट्टी नाही, तेलाचं बोट नाही. फाटेल नाहीतर काय होईल?”

सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही भिवानंच वर आणलेलं.

“बिचारी पखाल! आजपासून हिला दर सोमवारी सुट्टी.”

“आणि मला, महाराज?”

“तुला कशाला?” कोल्हा म्हणाला. “पाणी पखाल धरते. तू नुसता चालतोस.”

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी तुमच्याकडे म्हण आहे ना? त्या जंगलात तो कायदा झाला.

पखालीला टाके पडले. दर सोमवारी तिला करंजाचं तेल चोळून चढावरच्या जांभळीच्या सावलीत टांगू लागले. मोर पिसाऱ्यानं वारा घाली. माकडं विश्रांतीच्या महत्त्वावर भाषणं ठोकत. भाषण करणाऱ्याला तहान लागायची खास परवानगी होती. त्यांच्यासाठीही पाणी भिवाच आणी. पखाल सुट्टीवर, म्हणून पितळी घागरींतून. घागरी पखालीपेक्षा जड होत्या आणि त्यांचे काठ बरगड्यांना घासत.

येता जाता भिवा जांभळीखाली थांबून वर बघे. “आज्या, तुझं बरं आहे,” म्हणे आणि पुढे जाई.

ज्येष्ठातल्या एका सोमवारी तो तेवढंही बोलला नाही. जांभळीपाशी आला, गुडघे टेकले, घागरी कलंडल्या. सगुणा धावत येईपर्यंत त्याच्या डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या. वर माकडाचं भाषण चालूच होतं.

सिंहानं दोन मिनिटं डोळे मिटले. तिसऱ्या मिनिटाला त्याला तहान लागली.

“महाराज, जुनी पखाल आता थकली,” कोल्हा म्हणाला. “भिवाचं कातडं चांगलं जाड आहे. आणि सगुणेची पाठ रिकामीच आहे.”

नवी पखाल झाली. मंगळवार ते रविवार सगुणा नवऱ्याला पाठीवर घेऊन टेकडी चढू लागली.

सोमवारी मात्र तो जांभळीला टांगलेला असे. तेलानं चकचकीत, अंगावर गार सावली, मोर वारा घालतोय. सगुणा घागरी घेऊन तिथवर येई आणि घटकाभर उभी राही.

“पडा हो स्वस्थ,” ती म्हणे. “आज सोमवार आहे.”

मग घागरी सावरत ती वर चढू लागे.

तात्पर्य : इमानानं राबणाऱ्याला आठवड्याची सुट्टी आज ना उद्या मिळतेच. त्यानं उगीच आरडाओरडा करू नये. कातडं तेवढं चांगलं राखावं.