चौसष्ट नंबरची पत्ती

एका जंगलात सनई शिकवणारं एक साळिंदर राहत होतं. त्याचं नाव निळकंठ. पण सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून आपणही मास्तरच म्हणू.

सनईला भोकं किती आणि साळिंदराला बोटं किती, असले प्रश्न मध्येच विचारायचे नाहीत. ते गणिताच्या तासाला विचारा. ही गोष्ट आहे.

तर मास्तर नदीकाठच्या आपल्या बिळात शिकवणी घेत. एका वेळी एकच विद्यार्थी. लोकांना वाटे, केवढी शिस्त! तसं काही नव्हतं. बीळ लहान होतं आणि मास्तर ताल धरताना डोलत. दुसरा विद्यार्थी शेजारी बसला की त्याला काटे टोचत.

सनईच्या तोंडाशी एक चपटी पत्ती असते, ती तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली तर आता ऐका. ही पत्ती नदीकाठच्या गवताची करतात. तिच्यावर फुंकर घातली की ती थरथरते, आणि तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. पातळ पत्ती मऊ असते, जाड पत्ती कडक असते. ज्याची फुंकर लहान त्याला मऊ पत्ती. ज्याची छाती मोठी त्याला कडक. यात हुशारी वगैरे काही नसते. चपलेसारखंच आहे ते. पायात बसली की झालं.

मास्तर पत्त्या स्वतः तासत. मग त्या पाण्याच्या मडक्यात भिजत घालत. मडक्यात त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ते आपल्या पाठीचा एक काटा उपटत आणि त्याने पत्तीवर आकडा कोरत. मऊ असेल तर एक, मधली असेल तर दोन, कडक असेल तर तीन. बस्स, एवढंच. पुढे जे काही झालं ते या तीन आकड्यांमुळे झालं.

एके दिवशी मुंगूसबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचं नाव ठकी. ठकी इतकी बारीक होती की सनई तिच्यापेक्षा लांब दिसे.

"हिला सनई शिकवा," मुंगूसबाई म्हणाल्या. "घरात नुसती शेपटी फुगवून हिंडत असते."

मास्तरांनी ठकीला एक पत्ती दिली. ठकीने फुंकर घातली. फुस्स झालं. मास्तरांनी पत्ती परत घेतली, कडेने जराशी तासली, पाण्यात बुडवली, पुन्हा दिली. पुन्हा फुस्स. मास्तरांनी आणखी जराशी तासली आणि तिच्यावर एक कोरला. तिसऱ्या खेपेला सनईतून असा स्वच्छ षड्ज निघाला की ठकी स्वतःच दचकून मागे पडली.

"हा मी वाजवला?" तिने विचारलं.

"मी तर वाजवला नाही," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी ठकी घरी चालत गेली नाही, उड्या मारत गेली. पुढच्या आठवड्यात तिला सरगम आली. महिन्याभरात एक छोटी गत आली. तिची गत ऐकायला नदीवरचे बगळे एक पाय उचलून उभे राहत. तसे ते नेहमीच उभे राहतात, पण ठकीला ते सांगायला कोण जाणार?

सगळं छान चाललं होतं. मग मुंगूसबाई पाणवठ्यावर गेल्या.

तिथे वानरीणबाई भेटल्या. त्यांचा मुलगा गुंड्या, तोही मास्तरांकडेच शिकायचा.

"आमचा गुंड्या दोनवर आहे," वानरीणबाई सहज म्हणाल्या. "तुमची ठकी कितीवर?"

दोन म्हणजे काय, हे मुंगूसबाईंना ठाऊक नव्हतं. पण दोन हे एकापेक्षा जास्त असतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या पाणी न पिताच परत फिरल्या आणि तडक मास्तरांच्या बिळात शिरल्या.

"मास्तर, त्या गुंड्याला दोन आणि माझ्या ठकीला एक?"

"अहो बाई, गुंड्याची छाती मोठी आहे. त्याला मधली पत्ती लागते. ठकीची फुंकर नाजूक आहे, तिला मऊ लागते."

"म्हणजे माझी मुलगी कमी?"

"कमी कशी? ती गुंड्यापेक्षा कितीतरी गोड वाजवते."

"गोड वाजवते ते आम्हाला घरी ऐकू येतंच आहे," मुंगूसबाई म्हणाल्या. "पण चारचौघांत सांगू काय? गोड, असं सांगू? तिला दोनची द्या."

मास्तरांनी दोनची दिली. ठकीने फुंकर घातली. आवाज आला नाही. तिने गाल फुगवले, डोळे मिटले, शेपटी ताठ केली. तरी आवाज आला नाही. आई म्हणाली, "आणखी जोर लाव." ठकीने जोर लावला. संध्याकाळपर्यंत तिचा ओठ सुजून जांभळासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी ठकी शिकवणीला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुगरणीकडे घरटी विणण्याचा वर्ग निघाला होता, तिथे तिचं नाव घालायचं चाललं आहे, असं मास्तरांच्या कानावर आलं.

मग एका दुपारी ठकी एकटीच आली. बिळाच्या तोंडाशी उभी राहिली.

"मास्तर, मला एकचीच द्या ना. मी इथेच बसून वाजवीन. आईला सांगू नका."

तिचा ओठ अजून सुजलेलाच होता. मास्तर म्हातारे होते, एकटे होते, आणि इतकी वर्षं शिकवून इतका स्वच्छ षड्ज त्यांनी दुसऱ्या कुणाचा ऐकला नव्हता. त्यांनी तिची जुनी मऊ पत्ती मडक्यातून काढली. तिच्यावरचा एक खरवडून टाकला. पाठीचा एक काटा उपटला आणि तिथे ठळक तीन कोरला.

"घे," ते म्हणाले. "ही घेऊन घरी जा, आणि आईसमोर वाजव."

खोटं लिहिल्याची टोचणी मास्तरांना लागून राहिली. पण त्या संध्याकाळी वाऱ्यावरून ठकीची गत ऐकू आली, तेव्हा ती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या दारात वानरीणबाई उभ्या होत्या.

"मुंगसाची मुलगी तीनवर, आणि माझा गुंड्या दोनवर? मास्तर, गुंड्या तुमच्याकडे आधीपासून येतो!"

आता मास्तर काय करणार? त्यांनी गुंड्याची पत्ती मागितली आणि तिच्यावर चार कोरला. वानरीणबाईंनी ती उन्हात धरून पाहिली, चारची खात्री करून घेतली आणि झाडावरून झाडावर सगळ्यांना दाखवत गेल्या.

तेव्हापासून मास्तरांची एक पद्धतच पडून गेली. पत्ती मुलाच्या ओठाकडे बघून तासायची आणि आकडा आईच्या तोंडाकडे बघून लिहायचा.

आणि एक गंमत सांगू का? मुलं सुंदर वाजवू लागली. प्रत्येकाला आपल्या ओठाची पत्ती मिळाली होती. प्रत्येकाच्या घरी समाधान होतं. गुंड्या सात झाला, ठकी नऊ झाली. अस्वलाचं पोर नवीनच आलं होतं, पण त्याचे वडील समोर नुसते उभे राहिले, तेवढ्यात ते बारा झालं. सोयरीक जुळवताना लोक विचारू लागले, "मुलगी कितीवर आहे?" रानडुकरांच्या एका घराने तर वीसच्या खालचं स्थळ बघायचंच नाही असं ठरवलं. त्यांच्या घरात सनई कुणालाच येत नव्हती, पण अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

मास्तरांची पाठ मात्र विरळ होत चालली. एवढे आकडे कोरायचे म्हणजे काटे लागणारच.

पाहता पाहता गुंड्या आणि अस्वलाचं पोर पन्नाशीपार गेले आणि ठकी चौसष्टवर पोचली. तिच्या पुढे जंगलात कुणी नव्हतं. मुंगूसबाई आता पाणवठ्यावर सावकाश जात आणि पोटभर पाणी पीत.

अशात वाघाच्या घरी बाळ झालं. बारसं ठरलं. बारशाला सनई हवी. वाघाचा कारभारी होता एक तरस. त्याला सुरातलं काही कळत नसे. पण तो प्रामाणिक होता. तो सरळ म्हणाला, "मला सूर ऐकू येत नाहीत, आकडे मात्र वाचता येतात. तेव्हा निवड आकड्यांवर होईल."

टिटवीने जंगलभर दवंडी पिटली. पन्नासच्या वर असेल त्यालाच मंचावर बसता येईल. दहाच्या खाली असेल त्याने आधी बालवर्गात जावं.

मास्तरांनी दवंडी ऐकली आणि मान डोलावली. दवंडी पोरांसाठी आहे, असं त्यांना वाटलं. वाघाच्या घरचं प्रत्येक बारसं आजवर त्यांनीच वाजवलं होतं. या वाघाचं वाजवलं होतं, याच्या बापाचंही वाजवलं होतं. त्यांनी सनई पुसली, पाठ नीट विंचरली आणि ते निवडीच्या जागी गेले.

"पत्ती दाखवा," तरस म्हणाला.

मास्तरांनी दाखवली. तरसाने ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"दोन?"

"हो," मास्तर म्हणाले. "पूर्वी तीन होती. आता वय झालं, ओठ सैल पडले."

मागे उभ्या असलेल्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. इतक्या वर्षांत मास्तरांची पत्ती कितीची, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मास्तरांनाही आपल्या पत्तीवर काही वेगळं लिहावं, हे कधी सुचलं नव्हतं. त्यांना कोण बघणार होतं?

"तुम्ही बालवर्गात," तरस म्हणाला. "पुढचा."

"अहो कारभारी, हे आकडे खोटे आहेत!" मास्तर ओरडले. "मीच लिहिले आहेत. खरे आकडे तीनच. बाकीचे मी आयांसाठी कोरले. माझी पाठ बघा!"

त्यांनी पाठ दाखवली. ती खरंच भुंडी झाली होती.

मग वानरीणबाई मुंगूसबाईंच्या कानात कुजबुजल्या. त्या दोघी जन्मात पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या होत्या.

"म्हणजे आमच्या ठकीचे चौसष्ट खोटे?" मुंगूसबाई म्हणाल्या. "मास्तर, तुमच्याच विद्यार्थिनीवर जळता?"

"दोनवर राहिलेल्याला काय कळणार चौसष्टमधलं!" वानरीणबाई म्हणाल्या.

"मास्तर खरं सांगतायत," ठकी म्हणाली.

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलतायत," आई म्हणाली. त्या मुंगूस होत्या, पण रागात असं होतं.

तरस प्रामाणिक होता हे मी सांगितलंच. त्याने प्रयोग करायचं ठरवलं. त्याने मास्तरांची दोनची पत्ती ठकीला दिली आणि ठकीची चौसष्टची मास्तरांना.

ठकीने मास्तरांच्या पत्तीत फुंकर घातली. पत्ती तिच्या ओठाला जड होती. तरी तिने सगळा जीव गोळा केला आणि एक सूर काढला. मास्तरांना वाचवायचं म्हणून काढला.

"बघा!" आया टाळ्या पिटत म्हणाल्या. "चौसष्टवाली मुलगी दोनवरसुद्धा वाजवून दाखवते!"

मग मास्तरांनी ठकीच्या पत्तीवर आलाप घेतला. पत्ती त्यांच्या ओठाला फारच मऊ होती. पण त्यांनी ओठ असा जपून धरला, श्वास असा अलगद सोडला, की पाणवठ्यावरची हरणं माना वर करून उभी राहिली. काही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आलाप संपला. वानरीणबाईंनी डोळे पुसले.

"पत्ती किती चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "हे म्हातारंसुद्धा वाजलं तिच्यावर."

निकाल लागला. मास्तर बालवर्गात बसले. त्यांच्या एका बाजूला सशाची जुळी होती आणि दुसऱ्या बाजूला एक कासव. बालवर्गाला शिकवायला सगळ्यांत मोठ्या आकड्याचं कुणीतरी हवं होतं, म्हणून ठकीला नेमलं.

पहिल्या दिवशी ठकी समोर उभी राहिली आणि तिला रडू फुटलं.

"मी तुम्हाला काय शिकवू, मास्तर?"

"डोलू नकोस, एवढं मला शिकव," मास्तर हळूच म्हणाले. "सशांना काटा लागतोय."

ठकी रडता रडता हसली.

"मग तुमच्या पत्तीवर मी सत्तर लिहू का?" तिने विचारलं. "आत्ता लिहिते. कुणी बघत नाहीये."

मास्तरांनी पाठीकडे हात नेला. चाचपून पाहिलं. एकच काटा उरला होता. त्यांनी तो थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडून दिला.

"राहू दे," ते म्हणाले. "थंडीचे दिवस येतायत."

बारसं थाटात झालं. मंचावर ठकी, गुंड्या, अस्वलाचं पोर, सगळे ओळीने बसले आणि त्यांनी झकास वाजवलं. पण बाळ भोकाड पसरून रडत होतं. ते कशानेच थांबेना. शेवटचा उपाय म्हणून बालवर्गालाही एकेक फुंकर घालू दिली. सशांनी फुस्स केलं. कासव अजून श्वास घेत होतं. मग मास्तरांची पाळी आली.

मास्तरांनी आपल्या दोनच्या पत्तीवर एक जुनी अंगाई वाजवली. बाळ रडायचं थांबलं. त्याने जांभई दिली आणि आईच्या पंजावर डोकं टेकलं. सगळं जंगल चिडीचूप झालं.

"किती सुंदर!" वाघीण पुटपुटली. "कोण वाजवतंय ते?"

"बालवर्गातला आहे, महाराणी," तरस म्हणाला. "वय जरा जास्त आहे, पण प्रगती बरी आहे."

"कितीवर आहे?"

"दोन."

"अरेरे!" वाघीण म्हणाली, आणि तिने चटकन बाळाच्या कानांवर पंजे ठेवले.

तात्पर्य : मुलांनो, खोटं लिहू नये, असं मी तुम्हाला सांगेन असं तुम्हाला वाटलं ना? चूक. दुसऱ्यांच्या पत्त्यांवर मोठे आकडे लिहायला बसलात, तर सुरुवात आपल्या पत्तीपासून करावी.