शेवग्याच्या मिशीचे महाराज

एका जंगलात एक ओढा होता आणि त्या ओढ्याला दोन काठ होते. हसू नका रे. काठ दोनच असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण एका काठावर खायला होतं आणि दुसऱ्या काठावर खाणारे होते, म्हणून आधीच सांगून ठेवलं. नीट मांडी घालून बसा.

पलीकडच्या काठावर टाकळा होता, कुर्डू होता, शेवगा, आवळे, रानकेळी, मागाल ते होतं. अलीकडच्या काठावर नुसती घाणेरी माजली होती. घाणेरीला फुलं सुरेख येतात, पण तिचा पाला शेळीसुद्धा तोंडात धरत नाही. आणि शेळी काय काय खाते, ते तुम्ही पाहिलंच आहे.

पूर्वी ओढ्यावर एक ओंडका आडवा होता. ससे, साळिंदरं, उंदीर त्यावरून पलीकडे जात आणि पोटभर खाऊन येत. एका पुरात तो ओंडका निसटला आणि अलीकडच्या काठाला लागला. तिथेच पडून राहिला. कुणी जाडजूड प्राण्याने एक धक्का दिला असता तर पुन्हा जागेवर बसला असता.

पण धक्का कुणी दिला नाही. मग अलीकडे खायला उरली एका माकडाची टपरी. माणसं सहलीला येत, अर्ध्या खाल्लेल्या पुड्या टाकून जात. माकड त्या गोळा करून आणायचं आणि त्यांना 'कुडकुडे' म्हणायचं. एका पुडीसाठी अर्धा तास त्याच्या उवा काढाव्या लागत. पोरं उवाही काढत आणि कुडकुडेही खात. जिभा लाल झाल्या, पोटं फुगली आणि पाय काड्यांसारखे झाले.

त्या काठावर भुरी नावाची ससीण राहायची. तिला कापशी नावाची एकच लेक होती. दर पौर्णिमेला झाडाला झोळी टांगून सगळ्या पिल्लांचं वजन होई आणि वहीत मांडलं जाई. धडधाकट पिल्लं हिरव्या रकान्यात, बेताची पिवळ्यात आणि अगदीच खंगलेली लाल रकान्यात. कापशी लाल रकान्यात होती. भुरीची आधीची दोन पिल्लंही लाल रकान्यातच होती. थंडी पडली आणि ती गेली. वहीत त्यांच्यापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं.

आता पुन्हा थंडी जवळ आली होती. भुरी उठली आणि थेट वाघमहाराजांच्या दरबारात गेली.

"महाराज, ओंडका तेवढा ढकलून द्या," ती म्हणाली. "माझी पोर मरंल हो."

महाराजांनी सचिवाकडे पाहिलं. सचिव होता तरस. तो उगाचच हसायचा, म्हणून सगळ्यांना मनमिळाऊ वाटायचा.

"महाराज, ओंडका म्हणजे बांधकाम झालं," तरस म्हणाला. "ते खातं निराळं. पिल्लं वाळतात याचं खरं कारण म्हणजे आयांचं अज्ञान. भाजी खावी, हेच त्यांना माहीत नाही."

"अरेरे," महाराज म्हणाले. "मग सांगा त्यांना."

सांगण्यासाठी कोकिळाबाईंना नेमलं. बालसंगोपनात त्यांच्याइतकं नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्यांची स्वतःची सगळी पिल्लं कावळीणबाईंनी वाढवली होती, पण त्यामुळे बाईंना अभ्यासाला भरपूर वेळ मिळाला होता.

बाईंनी घाणेरीच्या फांदीवर बसून गळा साफ केला. आधी 'पाले खा गं पाले' हे स्वतः रचलेलं गाणं तीन कडवी म्हटलं. मग ताटात रोज पाच रंग कसे असावेत, ते समजावून सांगितलं. समोर पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते. बाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं.

भुरीने हात वर केला. "बाई, पाच रंग आणायचे कुठनं? हितं एकच रंग हाय, घाणेरीचा."

"प्रश्न शेवटी घेऊ हं, ताई," कोकिळाबाई म्हणाल्या.

शेवटी फोटो झाला, मग आभार झाले. मग बाई पलीकडे उडून गेल्या, कारण त्यांची जेवायची वेळ झाली होती.

भुरी काठावर उभी राहून ओरडली, "अहो बाई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

बाईंनी अहवालात लिहिलं, 'मातेस भाजीचे महत्त्व अद्याप पटलेले नाही.'

पटलं नाही म्हटल्यावर तरसाने सकस आहार सप्ताह जाहीर केला. आता सप्ताह म्हटलं की रांगोळी आली. रांगोळी म्हटलं की ती भाज्यांची आली, कारण शेजारच्या जंगलात गेल्या वर्षी भाज्यांचीच काढली होती. रांगोळीचा विषय ठरला वाघमहाराजांचा हसरा चेहरा. पाहायला महाराज स्वतः येणार होते.

तरसाने गव्याला बोलावलं. गवा ओढ्यात शिरला. पाणी त्याच्या गुडघ्यालाही लागलं नाही. दोन खेपांत त्याने पाठीवरून ढीगभर भाजी अलीकडे आणली. भुरी तोंडात बोट घालून बघत राहिली.

"दादा," तिने विचारलं, "तुम्हाला हे येत होतं?"

"येतं की," गवा म्हणाला.

"मग इतके दिस?"

"कुणी सांगितलं नाही, ताई."

"आन् त्यो ओंडका?"

"त्याचंबी कुणी सांगितलं नाही."

गवा वाईट नव्हता, मुलांनो. सरकारी होता.

घाणेरी कापून मैदान केलं आणि रांगोळी काढली. गाल केळ्यांचे, पट्टे भोपळ्याच्या फोडींचे, डोळे आवळ्यांचे, कान कोवळ्या टाकळ्याचे. मिशी शेवग्याच्या शेंगांची, ऐटीत वर वळवलेली. भोवती वेलीचा दोर बांधला आणि 'हात लावू नये' अशी पाटी टांगली. पोरांना हातात फलक देऊन दोराबाहेर ओळीने उभं केलं. कापशीच्या फलकावर लिहिलं होतं, 'मी रोज भाजी खाते.'

महाराज सकाळी येणार होते. सकाळी निरोप आला की दुपारी येतील. दुपारी कळलं की जेवण जड झाल्यामुळे ते पडले आहेत. भाज्या सुकू नयेत म्हणून तरस त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. पोरांवर कुणी शिंपडत नव्हतं.

ऊन कलायला आलं तेव्हा कापशी फलकासकट खाली बसली. भुरी धावली. पोरीचं अंग गार लागत होतं. तिचे डोळे मात्र महाराजांच्या कानावर खिळले होते.

भुरीने तरस कुठे दिसतो का ते पाहिलं. तरस ओढ्यावर पाणी आणायला गेला होता. तिने पाटीकडे पाहिलं. मग दोन गेलेली पिल्लं आठवून तिला असा संताप आला, असा संताप आला, की तिने तो दोर दातांनी कराकरा कुरतडला.

"कापशे, खा," ती म्हणाली.

"आई, महाराजांचा कान हाय त्यो."

"असू दे. दोन हायेत त्यांना."

कापशीने डावा कान खाल्ला. ते पाहून साळिंदराची पोरं उजव्या गालावर पडली. उंदरांनी पट्टे ओढून नेले. तरस बादली घेऊन परत येईपर्यंत मिशीशिवाय महाराजांचं काही शिल्लक नव्हतं.

आणि नेमके तेव्हाच महाराज आले.

"माझा चेहरा कुठे आहे?" महाराजांनी विचारलं. तरस आयुष्यात पहिल्यांदा हसायचा थांबला. पोरं आयांच्या मागे लपली. पोटं गच्च भरल्यामुळे त्यांना धड पळताही येईना.

भुरी पुढे झाली. एका पंजाचं काम होतं आणि मागे कापशीला बघणारं कुणी नव्हतं.

"महाराज, प्रसाद घेतला," ती म्हणाली.

"प्रसाद?"

"व्हय. देवापुढं मांडलेलं मग भक्तांनीच खायचं असतंय ना? पोरांनी तुमचा प्रसाद घेतला. या पोरीच्या पोटात आता तुमचा कान हाय बघा."

महाराज विचारात पडले. "पण नैवेद्य आधी देवाला दाखवतात. मला कुठे दाखवला?"

"तुम्ही अंतर्यामी," भुरी म्हणाली. "तुम्हाला काय दाखवायचं?"

वाघ असला तरी राजाच तो. त्याच्या मिशा आपोआप वर गेल्या.

"भक्ती आहे हो प्रजेची," तो तरसाला म्हणाला. "पण वर्षातून एकदाच का?"

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं. रोज सकाळी अलीकडच्या काठावर महाराजांच्या चेहऱ्याची ताजी भाज्यांची रांगोळी काढावी आणि प्रजेने प्रसाद म्हणून ती संपवावी. गव्याला कायमची नेमणूक मिळाली. भाजीसाठी कुठल्याच खात्यात जागा नव्हती, पण महाराजांच्या चेहऱ्यासाठी प्रत्येक खात्यात होती. सणासुदीला मिशी दुप्पट जाड काढत. आया म्हणत, "महाराज चिरायू होवोत," आणि अगदी मनापासून म्हणत.

थंडी आली तेव्हा कापशी पिवळ्या रकान्यात होती. थंडी गेली तेव्हा ती हिरव्यात उड्या मारत होती. त्या पौर्णिमेला भुरी झोळीपाशी उभी राहून ढसाढसा रडली. कोकिळाबाईंना वाटलं, आपल्या गाण्यामुळेच. त्यांनी अहवालात लिहिलं, 'मातेस भाजीचे महत्त्व पटले,' आणि त्याबद्दल त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

आता पोरांमध्ये सकाळी एकाच गोष्टीवरून मारामाऱ्या होतात. महाराजांचं नाक कोणी खायचं?

तात्पर्य : मुलांनो, भाजी खावी हे उपाशी माणसाला शिकवावं लागत नाही. ती त्याच्या दारात यावी असं वाटत असेल, तर तिच्यावर साहेबांचा चेहरा काढावा. आणि साहेब जेवून झोपले की तो बिनधास्त खावा.