टिटवी खडकावर नव्हती

एका जंगलात, मुलांनो, सूर्य आपोआप उगवायचा, पण सकाळ मात्र कुणीतरी सुरू करावी लागायची. ते काम सुलभा नावाच्या साळुंकीचं होतं. ती पाणवठ्याकाठच्या उंबरावर बसून "सकाळ सुरू झाली!" असं ओरडायची. मग सगळे पाण्यावर उतरायचे.

आता, पाण्यात एक मगर होती. म्हणून जंगलाने चोख व्यवस्था केली होती. लांबच्या वळणावर, जांभळीच्या शेंड्यावर वानर बसे. मगर त्याला सगळ्यांच्या आधी दिसे. पण त्याचं ओरडणं पाणवठ्यापर्यंत पोचत नसे. म्हणून मधल्या खडकावर टिटवी असे. वानर ओरडलं की टिटवी ओरडायची, आणि टिटवी ओरडली की पाणवठा घटकेत रिकामा व्हायचा. ह्या व्यवस्थेला जंगलात 'जाळं' म्हणत आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता.

सुलभा नवी होती. सकाळ सुरू करण्यापूर्वी वानर जागेवर आहे का, टिटवी जागेवर आहे का, हे ती मान वर करून बघायची.

एके दिवशी खडक रिकामा दिसला. सुलभा ओरडली, "मधल्या खडकावर टिटवी नाही! वानर ओरडलं तरी इथे ऐकू येणार नाही! टिटवी येईपर्यंत पाण्यात उतरू नका!"

सगळे थांबले. थोड्या वेळाने टिटवी डोळे चोळत आली. सगळं जंगल तिच्याकडे टक लावून बघत होतं. मग सगळे पाणी प्यायले आणि आपापल्या वाटेने गेले. एवढंच झालं.

पण टिटवी तडक प्रधानांकडे गेली. प्रधान होते धनेशपंत. त्यांची चोच इतकी मोठी होती, की ते बोलायच्या आधीच लोक माना डोलवत.

"सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं," टिटवी मुसमुसत म्हणाली. "एक दिवस उशीर झाला तर!"

धनेशपंतांनी सुलभाला बोलावलं.

"सुलभाबाई, कळकळ पोचली तुमची. पण नाव कशाला घ्यायचं? मनं दुखावतात."

"मग कोण नाही ते कसं कळणार?"

"आणि 'उतरू नका' हे कोण म्हणणार? मनाई करण्याचा अधिकार महाराजांचा. शिवाय 'ऐकू येणार नाही' हे तुम्ही इतक्या ठामपणे कसं म्हणता? येईलही एखाद वेळी. वारा असतो."

सुलभाने वाद घालायला चोच उघडली. मग प्रधानांची चोच बघून तिने ती मिटली.

दुसऱ्या दिवसापासून नवा इशारा सुरू झाला. "एक किंवा अधिक अवलंबित सेवा अनुपलब्ध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सकाळ सुरू झाली आहे!" आणि उगाच कुणाला वाईट वाटू नये म्हणून, टिटवी असो वा नसो, तो रोज द्यायचा ठरला.

पहिल्या दिवशी सगळे दचकले. चार दिवसांनी कुणी मानही वर करेना. माकडांची पोरं तर त्या चालीवर लंगडी खेळू लागली. सुलभालाही बरं वाटू लागलं. आता तिच्यावर कुणी रागावत नव्हतं. हळूहळू तिने खडकाकडे बघणंही सोडलं. बघून तरी काय वेगळं बोलायचं होतं?

एका सकाळी मात्र तिची नजर सहज तिकडे गेली. टिटवी नव्हती. लांब जांभळीवर वानर फांद्या गदगदा हलवत होतं. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता.

खरं ते तिच्या अगदी चोचीशी आलं होतं. पण तोंडातून सवयीचं निघालं. "एक किंवा अधिक अवलंबित सेवा..."

ते वाक्य संपेपर्यंत चितळ हरणीचं पाडस पाण्यात गुडघाभर उतरलं होतं. नंतर पाणी ढवळलं. नंतर तेही शांत झालं.

चौकशी झाली.

"इशारा दिला होता?" धनेशपंतांनी विचारलं.

"दिला होता."

"ठरल्याप्रमाणे?"

"शब्दही बदलला नाही."

"मग प्रश्न मिटला. टिटवीबाई अनुपलब्ध होत्या, आणि तशी शक्यता आधीच जाहीर झालेली होती. कुणाचीच चूक नाही."

उलट सुलभाला उंबराची वरची फांदी मिळाली. तिथे सावली दाट होती.

संध्याकाळी हरणी उंबराखाली आली. ती रडत नव्हती.

"सुलभाताई, सकाळी तुम्ही बोललात ते मी ऐकलं हो. नीट ऐकलं. पण कळलं नाही. काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

सुलभाने खडकाकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "टिटवी खडकावर नव्हती."

"एवढंच?" हरणी म्हणाली. "मग तसं म्हणायचंत."

आणि ती निघून गेली.

तात्पर्य : मुलांनो, स्पष्ट इशाऱ्याने ऐकणाऱ्याचा जीव वाचतो आणि मोघम इशाऱ्याने देणाऱ्याची जागा वाचते. ह्यातला कोणता द्यायचा, हे तुम्हाला मोठेपणी कुणी शिकवावं लागणार नाही.