'परंतु'च्या पलीकडचा हीटर

चीनमधल्या लांचौ शहरातल्या एका विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहातला हीटर बंद पडला होता. बाहेर बर्फ, आत मुली कोटासकट रजईत. म्याओ छिंगची बोटं थंडीने सुजून लाल झाली होती, पेन धरवत नव्हतं, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

इंग्रजी शिकवायला परदेशातून आलेले पेल सर वर्षभर एकच घोकून घेत होते : मुद्दा पहिल्या वाक्यात. तिने तसाच अर्ज केला. 'हीटर बंद आहे. कृपया दुरुस्त करावा.'

निवास विभागप्रमुख थान साहेब दुखावले. "पोरी, हा अर्ज आहे की थोबाडीत? पाहुण्याने उंबऱ्यातूनच 'वाढा जेवायला' म्हणावं तसं! आधी ऋतू येऊ दे, मग विद्यापीठाची भरभराट. 'परंतु' अगदी शेवटी, हळूच."

तिने हळूच लिहिलं. पहिल्या पानावर बर्फाची शोभा, दुसऱ्यावर वडीलधाऱ्यांची माया, तिसऱ्यावर थान साहेबांची दूरदृष्टी. चौथ्यावर 'परंतु' आणि हीटर.

तीन पानांनी साहेबांना गहिवरून आलं. चौथं त्यांनी उलटलंच नाही. 'परंतु'नंतर काम निघतं, हे त्यांना नोकरीत पाठ झालं होतं. तीन पानं आदर्श अर्ज म्हणून सूचनाफलकाच्या काचेत लागली.

रडकुंडीला येऊन तिने त्याच अर्जाचं इंग्रजी करून पेल सरांना दाखवलं.

"बर्फाचं कुणी विचारलं होतं? मुद्दा कुठाय?"

"चौथ्या पानावर, सर."

"मी पहिल्याच परिच्छेदात नापास करून थांबलो."

प्रकरण गंभीर आहे, हे विद्यापीठाच्या ध्यानात आलं. 'हीटरविषयक लेखनातील सांस्कृतिक भिन्नता' या विषयावर तातडीने परिसंवाद भरला, अर्थात उबदार सभागृहात. पेल सरांनी पहिल्याच वाक्यात निष्कर्ष सांगितला आणि तासभर तोच सांगत राहिले. थान साहेब तासभर बोलले, आणि निष्कर्ष येण्याआधीच जेवणाची वेळ झाली. गोमांसाच्या वाफाळत्या शेवयांवर दोघांचं एकमत झालं : भिन्नता खोल आहे, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बसू.

आभार मानायला म्याओ छिंग उठली. "सभागृह छान गरम आहे. परंतु..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. थान साहेब कोट चढवून निघालेही होते. पेल सर मान हलवत म्हणाले, "बघा, मुद्दा पुन्हा उशिरा!"

हीटर बंद आहे, हे आम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. शेवटीही सांगतो आहोत. मधली मजा आवडली ना तुम्हाला? मग काचेत लावू.